गावकीचा नारळ

आमच्या कचेरीत चहा होत नसे. महाडच्या बाजारपेठेच्या मागे, खाली भांड्यांचं दुकान, समोर हॉटेल, आणि वर आमच्या फाउंडेशनच्या दोन खोल्यांत चहाला बंदी! आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी मिळायचं, तेही चाचा स्वतः उठून द्यायचे. "चहा पाजला का माणूस मिंधा होतो गो," ते म्हणायचे. "आणि त्याचा आपण प्यायलो का आपण होतो. मग नाय म्हणायला तोंड उघडत नाय." गावोगाव पाहणीला गेलो की तोच छळ. लोक बिचारे पोहे करून, कपबशा मांडून वाट बघत असायचे, आणि हे थर्मासमधला आपला कोरा चहा झाकणात ओतून पीत बसायचे. माझ्यासमोर पोह्यांची बशी वाफाळतेय आणि मला हात लावायची चोरी. पोलादपूर तालुक्यातल्या किती चांगल्या पोह्यांना मी त्या नोकरीत मुकले ते माझं मला माहीत.

चाचा आमचे मानद सचिव. त्यांचं नाव फक्त सहीपुरतं. बाकी अख्ख्या महाडला ते चाचाच. मूळचे तुडीलचे. तरुणपणी आखातात ट्रेलर चालवले, परत येऊन इथे ट्रक घेतले, मग धंदा पुतण्यांच्या गळ्यात बांधून स्वतः लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मोकळे झाले. इथले व्यापारी, एमआयडीसीतले काही कारखानदार, मुंबईला आणि आखातात असलेले आमच्याच भागातले लोक, यांनी मिळून एक निधी उभा केला होता. त्यातून दरवर्षी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या लहान संस्थांना काहीतरी नवीन काम सुरू करायला अनुदान द्यायचं. जुन्या कामाला नाही, देवळाच्या सभामंडपाला नाही, सत्काराला तर नाहीच नाही. विश्वस्त मुंबईला बसायचे आणि चाचा म्हणतील त्याला मान डोलवायचे. चाचांनी हो म्हटलं की हो. नाही म्हटलं की विषय संपला. मी पगारी. कागद, कॉम्प्युटर, फोन आणि चाचांची बोलणी खाणं ही माझी कामं.

मनगटावर त्यांच्या आखातातलं घड्याळ असायचं आणि ते आखाताच्याच वेळेवर चालायचं. मुलगा तिकडे होता. दुपारी मध्येच घड्याळ बघून म्हणायचे, "आता जेवायला बसला असेल." बरं, स्वतःपुरतं ठेवावं की नाही? तर लोकांनाही वेळ त्या घड्याळातूनच द्यायचे. "चाचा, अकरा म्हणजे तुमचे अकरा की आमचे?" असं विचारून घेतल्याशिवाय महाडात त्यांच्या बैठकीला कोणी निघत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, काटे फिरवून घ्या की!" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या मुलालाच घराबाहेर काढायला सांगत होते.

अर्ज आले की ते मी मोठ्याने वाचायचे आणि चाचांनी डोळे मिटून सुपारी कातरत ऐकायचे. जड शब्द आला की अडकित्ता थांबायचा.

"सक्षमीकरण? ही कुठची गो? शिवथरची का दासगावची?"

"चाचा, म्हणजे बायकांना शिवणयंत्रं देणार आहेत."

"मग शिवणयंत्र लिवायला काय लाज वाटली? जाणीवजागृती, सर्वांगीण, एकात्मिक... ही सगली माणसं उद्या रस्त्यात भेटली तर मी ओलखणार कशी?"

मी हसायचे, पण अर्ज करणारी नवी पोरं रडकुंडीला यायची. शहरातून शिकून आलेला एकजण नदीकाठच्या मुलींना पोहायला शिकवणार होता. कल्पना चांगली. आमच्याकडे सावित्रीचं पाणी दर पावसाळ्यात घराच्या पायरीशी येतं, पोहता आलंच पाहिजे. चाचा मला घेऊन काठावर गेले, एका दगडावर बैठक मारली आणि म्हणाले, "हां, उतर बघू." तो म्हणाला, चाचा, मी व्यवस्थापन बघणार. "व्यवस्थापन नंतर बघ. आधी उतर." तो कसला उतरतोय! त्याला पाण्याची भीती वाटायची. दुसरा कोणी असता तर त्याला हाकलून दिलं असतं. चाचांनी त्याला आपल्या मोहल्ल्यातल्या एका पट्टीच्या पोहणाऱ्याकडे धाडलं आणि सांगितलं, पुढच्या वर्षी नदी पार करून ये, मग अर्ज वाचतो. तो खरंच आला. त्याचं काम अजून चालू आहे.

हे सगळं मी हसत सांगते, कारण पुढचं हसून सांगता येत नाही.

चाचांचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे गावकीचा नारळ. अर्ज पास झाला, जागा बघून झाली, माणसं पसंत पडली, तरी गावच्या गावकीने सगळ्यांनी मिळून बसून, एकमताने, विड्यावर नारळ ठेवून तो चाचांच्या हातात दिला पाहिजे. मुसलमान वस्ती असेल तर तिथल्या जमातीने बसून खजूर द्यायचा. नारळ नाही, तर अनुदान नाही. नारळ घेताना चाचा उठून उभे राहायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि दोन्ही हात पुढे करायचे. मुंबईचे विश्वस्त गालातल्या गालात हसायचे. नारळ मात्र सगळे माझ्या घरी यायचे, आणि आमची आई वड्या करून करून वैतागली होती.

हट्ट उगाच नव्हता, हेही सांगायला हवं. पहिल्याच वर्षी शिवथरच्या खोऱ्यातल्या एका गावात एका उत्साही मास्तरांना वाचनालयासाठी पैसे दिले होते. मास्तर परगावचे, हुशार, पण गावकीला न विचारता त्यांनी समाजमंदिराची खोली घेतली. कोणाला तरी राग आला, खोलीला कुलूप लागलं. मास्तरांची बदली झाली आणि पुस्तकं आतल्या आत वाळवीने खाल्ली. चाचा ते बघून आले तेव्हा जेवले नव्हते म्हणतात. "पैसा आपला असला तरी काम गावाचं पायजे," ते तेव्हापासून म्हणायला लागले. "नायतर आपण गेलो का काम पण गेलं." आणि त्यांचं खरं ठरत होतं. ज्या ज्या गावचा नारळ आला, तिथली कामं टिकली.

अशात इंदूकाकी आल्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पावसाळ्यात वाडीचा रस्ता कुठे ना कुठे खचतो. दिवस भरत आलेल्या बाईला मग डोलीत घालून खाली आणावं लागतं. तर पोलादपुरात दवाखान्याजवळ दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायकांनी पावसाळ्यात शेवटचा महिना तिथे येऊन राहायचं, आणि गटातल्या एकीने पाळीपाळीने येऊन त्यांचं जेवणखाण बघायचं. त्यांनी सांगितलं तसंच्या तसं मी लिहून काढलं आणि चाचांना वाचून दाखवलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत अडकित्ता एकदाही थांबला नाही.

"हे व्हायलाच पायजे," चाचा म्हणाले. "आधी का सुचलं नाय कुनाला?"

इंदूकाकींचा चेहरा असा फुलला! मग चाचा म्हणाले, "गावकीचा नारळ आणा, का लगेच सुरू."

काकी खाली बघायला लागल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "गावकी बसत नाय वो चाचा. शिमग्यात पालखी आधी कुनाच्या अंगणात न्यायची त्याच्यावरनं दोन फळ्या झाल्यात. एक भावकी दुसरीच्या दारात पाय ठेवत नाय. मुंबईला गावचं मंडळ हाय, ते पन फुटलं."

"मग?"

"बायका बसतात. आमच्या गटात दोन्ही फळीच्या बायका हायत, पाण्यावर जातो तवा एकमेकींशी बोलतो. आमी सगल्या मिळून नारळ देतो. बायकांचा नारळ घ्या."

मला वाटलं, झालं. आता हा माणूस उठून उभा राहील आणि टोपी सारखी करील. चाचांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

"बायकांचा नारळ गावाचा होत नाय गो काकी."

काकी पदर खोचून जिना उतरल्या. मी मात्र भांडले. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की मला वडीलधारं कोणी दिसत नाही. म्हटलं, "चाचा, पोटुशी कोण राहणार आहे? गावकी की बायका? त्या पालखीच्या भांडणाशी त्यांचा काय संबंध?" चाचा शांतपणे म्हणाले, "उद्या एका फळीने सांगितलं, आमची सून तिकडे जाणार नाय, तर? अर्ध्या बायका येतील, अर्ध्या नाय. मग ते घर एका फळीचं होईल. जरा थांब. मी समजावतो त्यांना."

आणि खरंच समजवायला गेले हो. सत्तरीच्या घरातला माणूस, गुडघे कुरकुरतायत, आणि जीप जाईल तिथवर जीपने, पुढे चालत, असं त्या वाडीवर पुन्हा पुन्हा जात राहिले. पालखी कोणाची, मान कोणाचा, आणि मध्ये तुडीलचा हा मुसलमान म्हातारा दोन्ही भावक्यांच्या ओट्यावर आळीपाळीने बसून हात जोडतोय! दोन्हीकडे त्यांना मान होता. दोन्हीकडचे म्हणायचे, चाचा, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. पण एकत्र बसायचं म्हटलं की दोन्हीकडे एकच उत्तर. "गणपतीला मुंबईकर येतील तवा बसू."

गणपती भाद्रपदात. पाऊस ज्येष्ठात. हे मी बोलून दाखवलं. चाचा म्हणाले, "एक पावसाळा जाईल. पुढचे सगले पावसाळे नीट होतील." त्यात खोटं काहीच नव्हतं. आजही मला त्या वाक्यात चूक दाखवता येत नाही, आणि त्यामुळेच ते आठवलं की जीव तळमळतो.

इंदूकाकींची सून मनीषा तेव्हा पोटुशी होती. आम्हाला ते माहीत होतं, चाचांनाही. काकींनी स्वतः मात्र ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आपल्या घरासाठी मागते आहे असं कोणी म्हणू नये म्हणून असेल. पुढे आषाढात वाडीचा रस्ता वळणावर खचला. मनीषाला सकाळीच कळा सुरू झाल्या. दोन्ही फळीच्या पोरांनी मिळून डोली केली. त्या दिवशी मात्र कोणाला मानपान आठवला नाही. ओढ्याला पाणी होतं, पलीकडे जाता येईना. काकींनी तिथेच, झाडाखाली, घोंगडीच्या आडोशाला सुनेचं बाळंतपण केलं. मनीषा वाचली. मुलगी नाही वाचली.

बातमी बाजारात आली तशी आमच्याकडे आली. चाचा खुर्चीत बसले होते. "या अल्ला," एवढंच म्हणाले. त्या दिवसानंतर सुपारी कातरलेली मी पाहिली नाही. मी अर्ज वाचत राहिले तरी ते मध्ये थांबवेनात. सक्षमीकरण आलं, सर्वांगीण आलं, सगळं तसंच पुढे जाऊ दिलं. मला ते सहन होईना. "चाचा, काहीतरी बोला की," मी म्हणायचे. "वाच गो बाय, वाच," म्हणायचे.

पंधरवड्याने इंदूकाकी आल्या. मला वाटलं, आता ओरडतील, शिव्याशाप देतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चाचांनी उठून पाणी दिलं. त्या प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बायकांचा नारळ घेतला असता ना चाचा, तर आषाढाच्या आधीच आमी खाली येऊन ऱ्हायलो असतो." आवाजात राग नव्हता. बाजारात आज भेंडी नव्हती असं सांगावं, तसं सांगितलं. आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी चाचांनी पोलादपुरात स्वतःच्या पैशाने दोन खोल्या घेतल्या. विश्वस्तांना कळवलं नाही, गावकीला विचारलं नाही, कोणाची वाट बघितली नाही. गाद्या आणल्या, शेगडी आणली, दाराला पडदा लावला. आणि काय व्हावं? कोणी आलं नाही. वाडीवर दुसऱ्या फळीत बोलणं झालं, ते घर इंदूच्या फळीचं. बाकीच्या वाड्यांवर सासवा म्हणाल्या, गावकीने सांगितल्याशिवाय कशी पाठवायची लेकीसुनांना? चाचा बरोबर होते म्हणजे. अगदी जसं सांगत होते तसंच झालं. बरोबर असल्याचं इतकं दुःख झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. बाजाराच्या दिवशी ते तिथे जायचे, गाद्या उन्हात घालायचे, संध्याकाळी झटकून आत ठेवायचे. मीही कधी कधी बरोबर जायचे. आम्ही दोघं त्या रिकाम्या खोल्यांच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत असायचो.

गणपतीत मुंबईकर आले. मनीषाची गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती, लाजेने म्हणा, कशाने म्हणा, गावकी बसली. पालखीचं मिटलं. दोन्ही भावक्यांचे जाणते नारळ घेऊन कचेरीत आले. चाचा उठले नाहीत. टोपीकडे हात गेला नाही. म्हणाले, "हा माझ्याकडे नको. इंदूकाकीच्या हातात द्या. सगल्या गावासमोर." जाणते एकमेकांकडे बघायला लागले. बाईच्या हातात गावकीचा नारळ त्या वाडीत कधी गेला नव्हता. "मग घेऊन जावा," चाचा म्हणाले. झक मारत दिला त्यांनी, गौरींच्या दिवशी, देवळापुढे. मी बघायला गेले होते. काकींनी तो घेतला आणि ठेवून दिला. त्यांचा चेहरा काही फुलला नाही.

फाउंडेशनने मग रीतसर अनुदान दिलं आणि पुढच्या पावसाळ्यापासून त्या खोल्या भरू लागल्या. आता तिथे मोठं घर आहे, पाटी आहे, आमच्या अहवालात दरवर्षी त्याचा फोटो असतो. चाचा मात्र नाहीत. कचेरीत नवे सचिव आले आहेत, चांगले आहेत, चहा होतो. नारळाची अट कागदावर आणून त्यांनी तिला 'समुदायाची संमती' असं नाव दिलंय. चाचा असते तर विचारलं असतं, ही कुठची गो? मला चाचांचा राग अजून येतो. राग आला की पाठोपाठ रडूही येतं, आणि मग माझा मलाच राग येतो की एवढ्या मोठ्या माणसाला मी मनातल्या मनात अजून बोल लावते.

खोल्या भरू लागल्या त्याच पहिल्या वर्षी, श्रावणात, मनीषा तिथे आली. पुन्हा दिवस भरत आलेले. इंदूकाकींनीच आणून सोडली. ती आली त्या दिवसापासून चाचांनी आत पाऊल टाकलं नाही. रोज महाडहून यायचे, भाजी, दूध पायरीवर ठेवायचे, रस्त्यापलीकडच्या गॅरेजपाशी बाकड्यावर बसायचे आणि संध्याकाळी परत जायचे. मी म्हटलं, "चाचा, आत तरी चला, बोला तिच्याशी." म्हणाले, "काय बोलू?"

मुलगी झाली, दवाखान्यात, सुखरूप. मनीषा चार दिवसांनी खोलीवर आली. आम्ही सगळे बघून आलो. चाचा बाकड्यावरच. शेवटी मनीषा स्वतःच, डोक्याला फडकं बांधलेली, बाळाला दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत आली. इंदूकाकी मागून ओरडत होत्या, "अगो वारा लागंल!" तिने ऐकलं नाही. तिथूनच हाक मारली, "चाचा, या ना. बघा तरी हिला."

चाचा उठले, रस्ता ओलांडून आले. पायरीच्या खालीच उभे राहिले. बाळ झोपलं होतं. त्यांनी बघितलं, खूप वेळ बघितलं, हात मात्र पाठीमागेच बांधलेले. मग म्हणाले, "हिची ताई आता चालायला लागली असती गो."

मी घाबरून मनीषाकडे बघितलं. वाटलं, ही आता रडणार, नाहीतर असं काही नाही चाचा, जाऊ द्या आता, असं म्हणून त्यांची समजूत घालणार. तिने दोन्ही केलं नाही. बाळाच्या तोंडावरचं दुपटं जरा बाजूला केलं आणि म्हणाली, "होय. लागली असती."